चौदा नोव्हेंबरच्या आधी उघडू नये

एडविन शॉक्रॉसने मंगळवारी जेवण सोडलं, आणि तेही कुणाची गैरसोय न करता. ताट समोर आलं की तो "थँक्यू" म्हणायचा, काटा आणि सुरी ताटाशेजारी सरळ लावायचा, आणि ताट परत नेईपर्यंत त्याच्याकडे नुसता बघत राहायचा. आपली नसलेली बस समोरून जाताना माणूस जसा बघतो, तसा. राग नाही, लोभ नाही.

बसचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. एडविनने क्रॅगशॉ गावात एकतीस वर्षं बस चालवली होती, आणि एकतीस वर्षांत वेळेच्या आधी किंवा वेळेनंतर एकही थांबा सोडला नव्हता. बस रिकामी असो, बाहेर चिटपाखरू नसो, नऊ सतराची बस नऊ सतरालाच हलायची. कुणी हात हलवत, ओरडत, एक बूट हातात घेऊन धावत आलं तरी नऊ सतरालाच हलायची. धावत येणारा एकदा त्याचा स्वतःचा मुलगा होता, पाठीवर दप्तर, तोंडात टोस्ट. तोही राहिला. संध्याकाळी एडविन त्याला म्हणाला होता, "आरशात दिसलास. चांगला पळतोस."

तो मुलगा म्हणजे ग्लेन. आता चौपन्न वर्षांचा. गाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. दिवसभर लोकांना आडवं व्हायला सांगायचं आणि आपण उभं राहायचं, असा तो धंदा. बायको सोडून गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. जाताना ती गादी तेवढी घेऊन गेली, कारण गादी खरंच चांगली होती. ग्लेनला सवलतीत मिळाली होती. आई त्याच्याही आधी वारलेली. उरला बाप, आणि बाप मे महिन्यात पडला, खुबा मोडला, जिन्याचं घर सुटलं आणि वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावरच्या खोलीत आला. खोलीला खिडकी होती. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसायची. एडविनने पहिल्याच दिवशी बघून सांगितलं होतं, "रेषा वाकड्या मारल्यात."

डॉक्टरीणबाईंनी त्याला नखशिखांत तपासलं.

"काही बिघडलेलं नाही," त्या ग्लेनला म्हणाल्या.

"मग खात का नाहीत?"

"नको वाटतंय त्यांना."

"त्याच्यावर काही औषध?"

"न खाण्यावर आहे. नको वाटण्यावर नाही."

रविवारी, उपासाच्या सहाव्या दिवशी, ग्लेन पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला. टेबलावर सूप होतं. सूपवर साय धरली होती.

"बाबा, काहीतरी खा."

"काय?"

"काहीही. तुम्ही म्हणाल ते आणतो. बोटं तळून आणतो माझी, पण खा."

एडविनने छताकडे बघून प्रामाणिकपणे विचार केला. तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टाळणारा माणूस नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "थेल्माकडचं एक अंडं मात्र चाललं असतं."

ग्लेन उठला तो कोट घालायच्याही आधी दाराबाहेर होता.

थेल्माच्या पबचं नाव 'लेझी वीव्हर'. ग्लेन चौदा वर्षांचा झाला तेव्हापासून बापलेक दर शुक्रवारी सव्वापाचला तिथे जायचे. काउंटरवर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अंड्यांची बरणी असायची. थेल्मा लांब चिमट्याने एक अंडं काढायची. एडविन मीठ-व्हिनेगरच्या वेफर्सची पुडी फोडायचा, अंडं आत सोडायचा, पुडीचं तोंड मुरगळून तीनदा हलवायचा. तीनदाच. मग अंडं त्याचं आणि वेफर्स ग्लेनचे. ग्लेनला अंडी आवडत नसत आणि एडविनच्या दातांना वेफर्स सोसत नसत, त्यामुळे चाळीस वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं. बोलणंही फारसं झालं नव्हतं. पुडी हलवून झाली की बोलायचं काय राहतं?

रविवार दुपार असल्याने पबमध्ये थेल्मा आणि एक कुत्रा एवढेच होते. कुत्रा कुणाचा ते थेल्मालाही माहीत नव्हतं.

"थेल्माबाई, एक अंडं द्या. बांधून द्या."

"संपली, राजा." थेल्मा एकाहत्तर वर्षांची होती आणि कुणालाही राजाच म्हणायची, विजेचं मीटर वाचायला येणाऱ्यालासुद्धा. "शेवटचं काल गेलं. त्या प्लंबरने पैज लावून न चावता गिळलं. पैज जिंकला. आता इस्पितळात आहे."

"आणि ती?"

तिच्या मागच्या फळीवर एक भरलेली बरणी होती. तपकिरी व्हिनेगर, त्यात अठरा अंडी गर्दीतल्या टकलांसारखी एकमेकांना चिकटलेली, दोन सुक्या मिरच्या. वर चिकटपट्टीने लावलेला कागद, त्यावर जांभळ्या शाईत थेल्माचं तिरकं अक्षर: *चौदा नोव्हेंबरच्या आधी उघडू नये. केनेथ, तूसुद्धा.*

केनेथ हा थेल्माचा नवरा. अंडी मुरायच्या आत चोरून खायची त्याला खोड होती. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण माणूस मेला म्हणून लगेच त्याच्यावर विश्वास टाकावा असं थेल्माला वाटत नव्हतं.

"ती परवा घातलीये," थेल्मा म्हणाली. "सहा आठवडे लागतात. आत्ता खाल्लंस तर ते काय, उकडलेलं अंडं आहे, अंघोळ केलेलं."

"बाबांनी मंगळवारपासून काही खाल्लं नाहीये."

थेल्माचा ग्लास पुसणारा हात थांबला. "एडविनने?"

"थेल्माकडचं अंडं चाललं असतं म्हणाले. सहा दिवसांत एवढं एकच वाक्य."

"मरतोय का रे तो?"

"डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही."

"म्हणजे मरतोय," थेल्मा म्हणाली आणि ग्लास पुन्हा पुसायला लागली. तो केव्हाच कोरडा झाला होता. मग तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि बरणी खाली उतरवली. "अख्खी ने. वीस पौंड. वेफर्स माझ्याकडून. पण तारखेआधी झाकण उघडलंस तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"नाही कळणार. पण तू तसल्या घरातला नाहीस." तिने बरणीवरची धूळ फुंकली. ती दोन दिवसांचीच होती. "आणि शेवटचीच आहे ही. एकतीस ऑक्टोबरला दार लावतेय मी कायमचं. फ्लीटवूडला बहिणीकडे चाललेय."

ग्लेनने मनात हिशोब केला. "म्हणजे चौदा नोव्हेंबरला पब बंद झालेला असणार."

"हो."

"मग ही घातलीत कशाला?"

थेल्माने त्याच्याकडे असं पाहिलं, की हा एवढा मोठा झाला तरी याला साध्या गोष्टी कशा समजत नाहीत.

"शुक्रवार होता," ती म्हणाली.

ग्लेनचा बेत सरळ होता. खोलीत जायचं, झाकण उघडायचं, अंडं बापाच्या तोंडात घालायचं. मुरलेलं, न मुरलेलं, सहा दिवसांच्या उपाशी माणसाला काय कळणार? तो शॉक्रॉसांच्या घरातला होता खरा, पण आईकडूनही काही अंगात येतंच.

त्याने बरणी टेबलावर ठेवली, सूप बाजूला सारलं आणि झाकणाला हात घातला.

"थांब," एडविन म्हणाला. "चष्मा."

त्याने चष्मा लावला, बरणी फिरवून कागद समोर आणला आणि तो वेळापत्रकासारखा वाचला. बोट प्रत्येक शब्दाखालून फिरवत.

"चौदा नोव्हेंबर."

"बाबा, ते केनेथला उद्देशून आहे."

"केनेथ, तूसुद्धा. म्हणजे केनेथही, आणि आपणही." त्याने चष्मा काढला. "आज काय तारीख?"

"पाच ऑक्टोबर. बाबा, अहो, कोण बघतंय इथे? एक अंडं खा. अर्धं खा."

"चाळीस दिवस." एडविन उशीला टेकून थोडा वर सरकला. गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदाच असा आपणहून वर सरकला होता. "चाळीस दिवस काढायचे तर पोटात काहीतरी हवं. ब्लेसिंगला हाक मार."

ब्लेसिंग ही त्याची परिचारिका. लागोसहून आलेली, अंगाने उंच, आणि कशाचंही नवल न वाटून घेणारी. ती दारातून डोकावली.

"लापशी आहे का?" एडविनने विचारलं.

"मिस्टर शॉक्रॉस, सहा दिवस मी तुम्हाला हेच विचारतेय."

"तेव्हा गरज नव्हती."

बरणी खिडकीत गेली. आणि एडविन जेवायला लागला. आवडीने नाही. बसमध्ये तेल भरावं तसा, लागेल तेवढं. सकाळी लापशी, दुपारी अर्धा बटाटा, रात्री सूप. वजन वाढलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर कारण म्हणून 'अंडी' असं लिहिलं, मग कंसात 'न खाल्लेली' असंही लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

ग्लेन रोज दुकान सुटलं की यायला लागला. बोलायला विषय मिळाला होता. बरणीला ऊन लागतंय का. वरच्या अंड्यांना व्हिनेगर पुरतंय का. दर रविवारी बरणी अलगद एकदा उपडी करून सरळ करायची, ते काम एडविनने ग्लेनकडे सोपवलं होतं आणि करताना तो बारीक लक्ष ठेवायचा. "हळू. प्रवासी आहेत आत." एवढा लांबलचक विनोद ग्लेनने बापाच्या तोंडून चौपन्न वर्षांत ऐकला नव्हता. घरी जाताना तो बसमध्ये एकटाच हसला. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

पण महिनाअखेरीस ग्लेनने बापासाठी नव्या सपाता आणल्या. आतून लोकर, तळवा जाड.

एडविनने त्या हातात घेऊन बघितल्या. "कधीपर्यंत टिकतील?"

"दोन हिवाळे सहज काढतील, दुकानदार म्हणाला."

"मग परत कर. जुन्या चौदापर्यंत चालतील."

ग्लेन हसला. एडविन हसला नाही.

त्याच आठवड्यात ब्लेसिंग एक कागद घेऊन आली. नाताळच्या जेवणात टर्की हवी की हॅम, त्यावर खूण करायची होती. एडविनने कागद वाचला आणि परत दिला.

"हे नोव्हेंबरनंतरचं आहे," तो म्हणाला, जणू तिने चुकून दुसऱ्याच गावच्या बसचं तिकीट त्याच्या हातात दिलं होतं.

तेव्हा ग्लेनच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. आपण औषध आणलं असं तो समजत होता. त्याने आणलं होतं वेळापत्रक. आणि वेळापत्रकाला शेवटचा थांबा असतो, हे एडविन शॉक्रॉसइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग दिवस कसे गेले ते ग्लेनला विचारू नये. लहानपणी नाताळ लवकर यावा म्हणून तो कॅलेंडरसमोर उभा राहायचा. आता दुकानातल्या कॅलेंडरवर त्याने गादीची जाहिरात चिकटवली. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "झोपून बघा. सावकाश. काही घाई नाही." एक म्हातारं जोडपं खरंच झोपी गेलं तर त्याने त्यांना दुकान बंद होईपर्यंत उठवलं नाही.

चौदा तारीख मात्र वेळेवर आली.

शुक्रवारच होता. एडविनने दाढी करून घेतली, टाय बांधला, जुन्या सपाता घातल्या आणि खुर्चीत बसून सव्वापाच वाजायची वाट बघितली. स्वयंपाकघरातून चिमटा मागवला होता. बातमी आधीच पसरलेली, त्यामुळे दाराबाहेर चाकाच्या खुर्च्यांची रांग लागली होती. समोरच्या खोलीतल्या आजीबाईंनी लिपस्टिक लावली होती, बरीचशी ओठांना.

झाकण ग्लेनला उघडेना. ब्लेसिंगलाही उघडेना. एडविनने बरणी मांडीवर घेतली, चमच्याच्या मागच्या टोकाने झाकणाच्या कडेवर एकच टोला दिला आणि फिरवलं. व्हिनेगरचा वास भपकन खोलीभर झाला. ग्लेनने पुडी फोडली. एडविनने अंडं आत सोडलं, तोंड मुरगळलं. एक. दोन. तीन.

त्याने अंडं दोन घासांत खाल्लं. त्याचा कंठमणी खाली गेला, वर आला.

"झालंय," एडविन म्हणाला.

आणि पुडी ग्लेनपुढे धरली. ग्लेनने वेफर्स खाल्ले, एक एक करून, तळाशी उरलेला भुगासुद्धा बोट ओलं करून. त्याला ती पुडी संपवायची नव्हती, आणि ती छोटीच होती.

"आता ही सतरा," ग्लेन म्हणाला. "दर शुक्रवारी एक. मार्चपर्यंत पुरतील, बाबा. मी मोजलंय."

"वाटून टाक."

"दोन-चार तरी ठेवू."

"ग्लेन. वाट."

सहा वाजेपर्यंत बरणी रिकामी झाली होती आणि अख्ख्या मजल्याला आंबूस वास सुटला होता. लिपस्टिकवाल्या आजीबाईंनी दोन खाल्ली. शनिवारी सकाळी ब्लेसिंगने लापशी आणली. एडविन "थँक्यू" म्हणाला आणि चमचा वाटीशेजारी सरळ लावला.

ग्लेनने हातपाय मारले, नाही असं नाही. शनिवारी तो लेझी वीव्हरला गेला. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. तो कुत्रा मात्र पायरीवर बसून होता. फ्लीटवूडला फोन करावा म्हटलं तर थेल्माने चाळीस वर्षांत बहिणीला 'माझी बहीण' याखेरीज दुसरं नाव दिलेलं नव्हतं. मग त्याने स्वतः दोन डझन अंडी उकडली. सोलून झाल्यावर त्यातलं एकही अंडं अंडं म्हणून ओळखू येत नव्हतं. उंदरांनी कुरतडलेल्या साबणाच्या वड्या व्हिनेगरमध्ये ठेवून बापाला दाखवणं त्याला बरं वाटेना.

रविवारी सकाळी सुपरमार्केटमध्ये त्याला अंड्यांची बरणी मिळाली. कारखान्यातली. पांढरं, स्वच्छ व्हिनेगर, एकासारखं एक अंडं. झाकणावर ठळक अक्षरांत: *लगेच खाण्यास तयार.*

ग्लेन ती बरणी हातात धरून त्या वाक्याकडे बघत इतका वेळ उभा राहिला, की तिथल्या पोरीने येऊन विचारलं, "काका, काही मदत हवीये?"

"न मुरलेली आहेत का हो?"

"काय?"

"लगेच खाता येणार नाहीत अशी."

तिने आत जाऊन विचारून येते म्हणून सांगितलं आणि ती परत आलीच नाही.

त्याने तीच विकत घेतली. घरी थेल्माची बरणी धुतली, कारखान्याची अंडी तीत उतरवली, वरून तपकिरी व्हिनेगर ओतलं, दोन मिरच्या सोडल्या. जांभळ्या शाईचं पेन त्याने वाटेतच घेतलं होतं. थेल्माचा जुना कागद समोर ठेवून त्याने तिचं तिरकं अक्षर चार वेळा गिरवलं, पाचव्यांदा हात बसला. *सव्वीस डिसेंबरच्या आधी उघडू नये.* पुढचं पुढे बघू. सव्वीस जवळ आली की तिसरी बरणी. माणसाला दर सहा आठवड्यांनी एका थांब्याने पुढे नेता येईल. येईल का? न यायला काय झालं?

"थेल्माकडची," तो बापाला म्हणाला. "फ्लीटवूडला जाऊन आलो. परवाच घातलीये म्हणाली. शुक्रवार होता ना."

एडविनने चष्मा मागितला. दोन दिवसांत त्याचे गाल पुन्हा आत गेले होते. त्याने बरणी उजेडात धरली, अंडी बघितली, मिरच्या बघितल्या. मग कागदाखालून बोट फिरवलं. शेवटपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. कागदाचा उरलेला भाग कोरा होता.

"अक्षर तिचंच."

"हो मग."

"केनेथला आता परवानगी आहे वाटतं."

ग्लेन खिडकीकडे वळला. बाहेर वाकड्या रेषांवर कुणीतरी मोटार लावत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे.

"विसरली असेल," तो म्हणाला. "वय झालं तिचं."

"नऊ वर्षं नाही विसरली."

"बाबा..."

एडविनने चष्मा काढून मिटला. मुलाकडे त्याने बराच वेळ पाहिलं, आणि ते पाहणं छताकडे बघण्यासारखं नव्हतं, की परत जाणाऱ्या ताटाकडे बघण्यासारखंही. आरशात कुणी मागून पळत येताना दिसावं, तसं.

"खिडकीत ठेव," तो म्हणाला. "किती दिवस होतात?"

"चाळीस. पुन्हा चाळीसच."

"हं. लापशी आहे का विचार."

ब्लेसिंगने लापशी आणली. एडविनने तीन चमचे खाल्ले. खाताना तो बरणीकडे बघत नव्हता, ग्लेनकडे बघत होता. प्रत्येक घास तोंडात बराच वेळ फिरायचा, मग कसाबसा खाली जायचा. एडविन शॉक्रॉसने धावत येणाऱ्यासाठी आयुष्यात कधी बस थांबवली नव्हती. चौथा चमचा त्याने वाटीशेजारी सरळ ठेवला आणि म्हणाला, "बास. एवढंच जमतंय."

ग्लेन म्हणाला, "पुष्कळ झालं, बाबा."

सोमवारी एक चमचा. मंगळवारी ओठ ओले केले. गुरुवारी सकाळी तो गेला. नक्की किती वाजता ते ब्लेसिंगने घड्याळात बघितलं नव्हतं, आणि ग्लेनला तर तेवढं एकच विचारायचं होतं.

"साडेआठ ते साडेनऊच्या मधे," ती म्हणाली. "मी दुसऱ्या खोलीत होते. माफ करा."

"नाही, नाही. तुमची काय चूक." त्याने मान हलवली. "साडेआठ ते साडेनऊ. असं कसं चालेल पण?"

खोली दोन दिवसांत रिकामी करायची असा तिथला नियम. शनिवारी ग्लेन गेला तेव्हा ब्लेसिंगने पिशवी भरून ठेवली होती. दाढीचं सामान, रेडिओ, टाय, चष्मा. जुन्या सपाता. वर बरणी.

"बुधवारी त्यांनी पेन मागितलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी धरून काहीतरी लिहीत बसले होते. मला वाटलं, नाताळच्या जेवणाचा कागद भरतायत. पण तो कोराच आहे." तिने कागद उलटसुलट करून दाखवला. टर्कीवर खूण नव्हती, हॅमवर नव्हती. "काय लिहिलं कुणास ठाऊक."

ग्लेनने कागद घडी करून खिशात घातला. कोरा असला तरी.

बसमध्ये गर्दी नव्हती. पिशवी त्याने पायाशी ठेवली आणि बरणी मांडीवर घेतली, हिंदकळू नये म्हणून. कारखान्याची अंडी. हिंदकळली तरी त्यांचं काय बिघडणार होतं? तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली. दुसऱ्या थांब्यावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस चढला. रस्त्याच्या कामावरून सुटला असावा, बुटांना डांबर होतं. तो शेजारी बसला, खिशातून मीठ-व्हिनेगरच्या वेफर्सची पुडी काढली, फोडली, आणि मग त्याची नजर बरणीवर गेली. पुडीकडे बघितलं. परत बरणीकडे.

"दादा, एक विकता का? पौंड देतो."

"अजून मुरली नाहीत," ग्लेन म्हणाला.

हे आपण का म्हणालो ते त्याला कळलं नाही. त्याला चांगलं ठाऊक होतं, ती कारखान्यातून निघाली तेव्हापासूनच मुरलेली होती. घ्या म्हणून सगळी बरणी त्या माणसाच्या हातात देता आली असती. तरी त्याचा तळवा आपोआप झाकणावर गेला.

"दिसतायत तर झालेली."

"तारीख आहे."

"असं होय. कुठाय?" माणूस वाकला आणि कागद मोठ्याने वाचायला लागला. "सव्वीस डिसेंबरच्या आधी उघडू नये." मग डोळे बारीक करून आणखी खाली वाकला. "ग्लेन, तूसुद्धा. हे दुसऱ्याचं अक्षर दिसतंय." त्याने वर बघितलं. "ग्लेन कोण?"

ग्लेनने बरणी फिरवली. जांभळ्या ओळीखाली, कोऱ्या सोडलेल्या जागेत, निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. अक्षरं लहानमोठी झाली होती, एक कागदाबाहेर जाऊन काचेवर उमटलं होतं. पण ओळ सरळ होती. कशाची तरी कड लावून, जपून लिहिलेली.

"मी," ग्लेन म्हणाला.

"मग तुमचंही अवघडच आहे," माणूस म्हणाला आणि वेफर्स नुसतेच खायला लागला.

गिरणीच्या थांब्यावर बस उभी राहिली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बस वेळेच्या आधी पोचली होती. मागे एक बाई घड्याळ बघून चुकचुकली.

"किती दिवस राहिले?" माणसाने चावता चावता विचारलं.

"चौतीस."

"आणि मग?"

ग्लेनने बरणी मांडीवर सरळ केली. मगचं कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.